खोटेपणा होता, गुन्हा मात्र नव्हता

१९६२ च्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयात काही माणसांनी गुन्हा कबूल केला. पाच-सहा वर्षांपूर्वी याच माणसांनी दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांमध्ये हजारो डॉलर जिंकले होते, आणि त्यांना प्रश्न व उत्तरे कार्यक्रमाच्या आधीच पुरवली जात होती हे एव्हाना साऱ्या देशाला कळले होते. तरीही त्यांनी कबूल केलेला गुन्हा त्या बनावाचा नव्हता, तर शपथेवर खोटे बोलल्याचा होता. बनाव रचणाऱ्या निर्मात्यांना किंवा त्यासाठी पैसा ओतणाऱ्या प्रायोजकांना बनावाबद्दल कोणतीच शिक्षा झाली नाही, कारण तो घडला त्या वेळी असे करणे हा अमेरिकेत गुन्हाच नव्हता. कोट्यवधी प्रेक्षकांना फसवूनही कायदा शाबूत कसा राहतो, हे समजून घ्यायचे तर प्रश्नमंजूषेचा खर्च कोण करत होते, ती रंगवली कशी जात होती आणि ‘फसवणूक’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ काय, या गोष्टी पाहाव्या लागतात.

प्रश्नमंजूषा दूरचित्रवाणीने शोधून काढलेली नाही. ती तिला आयती मिळाली. बीबीसीने ३१ मे १९३८ रोजी शब्दांची अचूक अक्षरे सांगण्याची स्पर्धा पडद्यावर आणली होती, पण तेव्हा घरात दूरचित्रवाणी संच असणारी माणसे मोजकीच होती. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळवून दिली ती अमेरिकी रेडिओने. १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ या कार्यक्रमात पहिल्या प्रश्नाला एक डॉलर मिळे आणि प्रत्येक बरोबर उत्तरानंतर रक्कम दुप्पट होत सातव्या प्रश्नाला ६४ डॉलरवर पोहोचे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे मागत राजाचे कोठार रिकामे करणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्यातली मेख इथेही आहे. सुरुवातीचे आकडे निरुपद्रवी वाटतात आणि शेवटचे दोन-तीन टप्पे छातीत धडकी भरवतात. ‘चौसष्ट डॉलरचा प्रश्न’ हा अमेरिकी बोलीत वाक्प्रचारच होऊन बसला.

बक्षीस लहान होते तोवर बनावाची गरजही लहान होती. १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या कार्यक्रमात पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा असे आणि पाहुण्याला जास्तीत जास्त ५० डॉलर मिळत. तिथे पैशाला महत्त्व नव्हते. व्यवसाय ओळखणाऱ्या मंडळींच्या हजरजबाबीपणासाठी लोक तो कार्यक्रम पाहत. मोठ्या बक्षिसाच्या वाटेत मात्र एक कायदेशीर अडसर होता, आणि तो अडसर कसा दूर झाला हे पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

अमेरिकेच्या कायद्याने रेडिओ-दूरचित्रवाणीवर लॉटरी चालवण्यास बंदी होती. लॉटरी ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बक्षीस हवे, ते नशिबावर मिळणारे हवे, आणि भाग घेणाऱ्याने त्यासाठी काही मोल मोजलेले हवे. कोणत्याही श्रोत्याच्या घरी फोन लावून, वाजवलेले गाणे ओळखल्यास बक्षीस देणारे कार्यक्रम १९४० च्या दशकाच्या अखेरीस फार बोकाळले, तेव्हा प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाने ते लॉटरीच्या व्याख्येत बसवण्याचा प्रयत्न केला. घरी बसून कार्यक्रम ऐकण्यासाठी श्रोता जो वेळ देतो तेच त्याने मोजलेले मोल, असा आयोगाचा युक्तिवाद होता. ५ एप्रिल १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या निकालानुसार, नुसते ऐकण्याला किंवा पाहण्याला मोल मोजणे म्हणता येत नाही. त्यामुळे हे कार्यक्रम लॉटरी नव्हेत. प्रेक्षक काहीच देत नाही, हे त्या दिवशी न्यायालयाच्या शिक्क्यानिशी ठरले. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पाच वर्षांनी ते वेगळ्याच अर्थाने परत येते.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, ७ जून १९५५ रोजी, सीबीएस वाहिनीवर ‘द ६४,००० डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला. निर्माते लुई कोवन यांनी रेडिओवरचा दुपटीचा तोच जुना जिना घेतला आणि त्याला तीन शून्ये जोडली. पण नुसती रक्कम वाढवण्यापेक्षा त्यांची खरी हुशारी मांडणीत होती. प्रश्न तिजोरीत ठेवले जात आणि बँकेचा अधिकारी मंचावर त्यांची राखण करत असे. विषय निवडण्यासाठी संगणकाच्या पूर्वजासारखे दिसणारे छिद्रपत्रे वेगळी करण्याचे यंत्र मांडलेले असे. वरच्या टप्प्यांवर स्पर्धकाला काचेच्या ध्वनिरोधक खोलीत उभे केले जाई. ४,००० डॉलरच्या पुढे आठवड्याला एकच प्रश्न विचारला जाई, त्यामुळे ‘थांबावे की पुढे जावे’ या एका निर्णयावर सारा देश आठवडाभर चर्चा करी. सर्वात मोठी युक्ती होती ती माणसे निवडण्याची. स्पर्धकाचा व्यवसाय आणि त्याचा विषय यांचा मेळ बसताच कामा नये: अमेरिकी मरीन दलातला कॅप्टन रिचर्ड मॅकचन पाककलेवर उत्तरे देतो, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला चप्पल-बूट दुरुस्त करणारा जीनो प्राटो ऑपेरावर. मॅकचन सप्टेंबर १९५५ मध्ये ६४,००० डॉलरचा पहिला मानकरी ठरला, तर प्राटो ३२,००० वर थांबला, कारण इटलीतल्या त्याच्या वडिलांनी ‘आता पुरे’ अशी तार केली. त्या हंगामात हा कार्यक्रम प्रेक्षकसंख्येत ‘आय लव्ह ल्यूसी’च्याही पुढे जाऊन पहिल्या क्रमांकावर पोहोचला. (दुपटीच्या या जिन्याचा वंश अजून चालू आहे. जुलै २००० मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या पहिल्या पर्वात ३,२०,००० आणि ६,४०,००० रुपयांच्या पायऱ्या होत्या, आणि मुंबईचा हर्षवर्धन नवाथे त्या चढूनच वर गेला होता.)

आता पैशाकडे येऊ. आज वाहिनी कार्यक्रम ठरवते आणि मधल्या वेळेचे तुकडे वेगवेगळ्या जाहिरातदारांना विकते. १९५० च्या दशकातली व्यवस्था उलटी होती. अनेकदा एकच कंपनी अख्ख्या कार्यक्रमाचा खर्च उचले, त्याच्या नावाशी आपले नाव जोडे, आणि कार्यक्रम कसा असावा यात तिचा शब्द शेवटचा असे. वाहिनी जवळजवळ सभागृह भाड्याने देणाऱ्या मालकाच्या भूमिकेत होती. ‘६४,००० डॉलर’ची प्रायोजक सौंदर्यप्रसाधने विकणारी रेव्हलॉन कंपनी होती. तिचे अधिकारी निर्मात्यांबरोबर दर आठवड्याला बैठक घेत, आणि कोणता स्पर्धक लोकांना आवडतो, कोणता कंटाळवाणा झाला आहे, यावर तिथे बोलणे होई. कारखानदाराच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. आपल्या पैशाने चाललेल्या नाटकातले पात्र बदलावे असे सुचवण्याचा त्याला हक्क वाटत असे. अडचण इतकीच होती की हे नाटक स्पर्धा म्हणून विकले जात होते.

नियंत्रणाची पहिली पद्धत सौम्य होती आणि ती पकडणे जवळजवळ अशक्य होते. निवडीच्या वेळी स्पर्धकाशी तासन्‌तास गप्पा मारायच्या, त्याला काय येते आणि काय येत नाही याची नोंद ठेवायची, आणि नंतर तो टिकायला हवा असेल तर येणाऱ्या भागातले प्रश्न काढायचे, जायला हवा असेल तर न येणाऱ्या भागातले. त्याला उत्तर कुणी सांगितलेले नसते. कित्येकदा आपल्याला मदत होते आहे हे त्याच्याही लक्षात येत नसे. ही पद्धत फसल्याचे एक उदाहरण मला फार आवडते. मानसशास्त्रज्ञ जॉइस ब्रदर्स मुष्टियुद्ध या विषयावर उत्तरे देत होत्या. त्या नकोशा झाल्या तेव्हा मुष्टियोद्ध्यांऐवजी पंचांबद्दलचे आडवळणाचे प्रश्न काढण्यात आले. पण बाईंनी विषयाचे ग्रंथच्या ग्रंथ मुखोद्गत केले होते, त्यामुळे पंचही त्यांना पाठ होते. त्या ६४,००० डॉलर घेऊनच गेल्या.

‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमाला सौम्य पद्धत पुरणारी नव्हती. तो १२ सप्टेंबर १९५६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाला. जॅक बॅरी सूत्रसंचालक, डॅन एनराइट निर्माता, आणि प्रायोजक ‘जेरिटॉल’ या लोहयुक्त टॉनिकची उत्पादक कंपनी. त्याचे नियम थोडे पत्त्यांतल्या एकवीसच्या खेळासारखे होते. दोन स्पर्धक दोन वेगळ्या ध्वनिरोधक खोल्यांत उभे राहत आणि त्यांना एकमेकांचे गुण कळत नसत. विषय जाहीर झाला की प्रत्येकाने एक ते अकरा यांमधील आकडा निवडायचा; आकडा जितका मोठा तितका प्रश्न अवघड, आणि चूक झाली तर तितकेच गुण वजा. आधी एकवीस गाठणारा जिंके, म्हणजे दहा आणि अकरा असे दोनच प्रश्न बरोबर आले की खेळ संपे. दोन फेऱ्यांनंतर कोणालाही खेळ थांबवता येई. जिंकणाऱ्याला गुणांच्या फरकागणिक ५०० डॉलर मिळत, आणि बरोबरी झाली तर पुढच्या डावात हा दर १,०००, मग १,५०० असा वाढत जाई. शिवाय विजेता पुढे हरला तर नव्या विजेत्याची रक्कम त्याच्या साठलेल्या पैशातून वजा होई.

कागदावर हा खेळ उत्तम आहे. बरोबरीवर बरोबरी होत गेली तर दर चढत जातो आणि आठवडाभराने प्रेक्षक श्वास रोखून परततो. पण बरोबरी आपोआप होत नाही. प्रामाणिकपणे खेळवलेल्या पहिल्या भागात स्पर्धकांची उत्तरे एकामागून एक चुकत गेली, गुण शून्याच्या आसपास रेंगाळले, आणि एनराइटच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तो भाग साफ पडला. दुसऱ्या दिवशी प्रायोजकाने चढ्या आवाजात बजावले की असे पुन्हा होता कामा नये. ज्ञान ही अशी वस्तू आहे की ती हव्या त्या क्षणी, हव्या त्या प्रमाणात आणि चेहऱ्यावर हवे ते भाव घेऊन बाहेर पडत नाही. ज्याला येते तो पटकन सांगून मोकळा होतो, ज्याला येत नाही तो गप्प बसतो, आणि दोन्ही पाहायला नीरस असतात. त्यामुळे ‘ट्वेंटी-वन’मध्ये प्रश्न आणि उत्तरांबरोबर अडखळणे, घाम टिपणे, अवघड भाग मागे ठेवून आधी सोपा सांगणे, हे सारे शिकवले जाऊ लागले.

हर्बर्ट स्टेम्पेल हा सिटी कॉलेजचा विद्यार्थी आणि माजी सैनिक. त्याची स्मरणशक्ती खरोखरच असामान्य होती. निवडचाचणीत त्याने अनेकांना मागे टाकले होते, हे विसरता कामा नये. एनराइटने त्याच्या घरी जाऊन प्रश्नांची तालीम घेतली आणि त्याचे पात्रही ठरवून दिले: गरीब, आडमुठा, धडपड्या विद्यार्थी. अंगाला न बसणारा जुना सूट, अगदी बारीक कापलेले केस, टिकटिक करणारे स्वस्त घड्याळ. सूत्रसंचालकाला नेहमी ‘मिस्टर बॅरी’ म्हणायचे. काचेच्या खोलीतली हवा थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवत, म्हणजे घाम खरा यावा, असे त्याने पुढे सांगितले. काही आठवड्यांत त्याच्या नावावर ६९,५०० डॉलर जमा झाले. मग प्रेक्षकसंख्येचा आलेख अडला आणि त्याला हरण्याचा हुकूम मिळाला.

५ डिसेंबर १९५६ रोजी त्याला १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला मिळाला, असे विचारण्यात आले. उत्तर होते ‘मार्टी’. ब्राँक्समधल्या एका साध्या खाटकाची ती कथा. स्टेम्पेल स्वतः ब्राँक्समध्ये वाढलेला, आणि त्याने तो चित्रपट तीनदा पाहिला होता. त्याने ठरल्याप्रमाणे ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे सांगितले. ते आदल्या वर्षीच्या पुरस्काराचे नाव. इतका सोपा प्रश्न चुकवायला लावल्याचा अपमान पैसे गमावल्यापेक्षा जास्त झोंबल्याचे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. ४९,५०० डॉलर घेऊन तो बाहेर पडला.

त्याच्या जागी आलेला चार्ल्स व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. वडील मार्क आणि काका कार्ल हे दोघेही पुलित्झर पुरस्काराचे मानकरी. मुलगा उंच, देखणा, विनम्र. फ्रीडमन नावाच्या निर्मात्याने त्याला समजावले की स्टेम्पेलला हरवणे दुसऱ्या मार्गाने शक्य नाही, हा केवळ करमणुकीचा भाग आहे, आणि त्याच्या येण्याने शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा वाढेल. शेवटचा मुद्दा सर्वात धूर्त होता, कारण तो पूर्णपणे खोटाही नव्हता: रॉक-अँड-रोलच्या त्या काळात एक प्राध्यापक खरोखरच देशाचा लाडका झाला. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, मार्चमध्ये व्हिव्हियन नियरिंग या वकील महिलेकडून हरेपर्यंत त्याने १,२९,००० डॉलर जमवले, आणि एनबीसीने त्याला सकाळच्या ‘टुडे’ कार्यक्रमात नोकरी दिली.

स्टेम्पेल १९५७ मध्येच एका वृत्तपत्राकडे गेला होता, पण दुजोरा नसल्याने आणि अब्रुनुकसानीच्या भीतीने कोणी छापले नाही. हरलेल्या माणसाची जळफळ असेच त्याकडे पाहिले गेले. फुटले ते भलतीकडून. मे १९५८ मध्ये ‘डॉटो’ या कार्यक्रमाच्या मंचामागे बसलेल्या एका राखीव स्पर्धकाला दुसऱ्या स्पर्धकाची वही सापडली आणि तिच्यात त्या दिवशीची उत्तरे लिहिलेली होती. ऑगस्टमध्ये तो लोकप्रिय कार्यक्रम अचानक बंद झाला, आणि मग स्टेम्पेलची कहाणीही छापून आली. सर्वात भक्कम पुरावा मात्र जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराने दिला. ‘ट्वेंटी-वन’मध्ये भाग घेताना त्याने मिळालेले प्रश्न आणि उत्तरे कागदावर उतरवून, कार्यक्रमाच्या आधी, स्वतःच्याच पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवली होती आणि ती पाकिटे न फोडता ठेवली होती. टपाल खात्याच्या तारखेच्या शिक्क्याशी वाद घालणे कोणालाच शक्य नव्हते.

न्यूयॉर्कचे जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांनी प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, नेले. सुमारे दीडशे साक्षीदार झाले आणि त्यांतले शंभरेक शपथेवर खोटे बोलले, असा होगन यांचा अंदाज होता. वास्तविक खरे बोलले असते तर एकालाही काही झाले नसते, आणि या प्रकरणातली ही गोष्ट मला सर्वाधिक चटका लावते. लोक शिक्षेच्या भीतीने खोटे बोलले नाहीत; शेजारी, विद्यार्थी, आईवडील काय म्हणतील या भीतीने बोलले, आणि त्यातूनच जो गुन्हा मुळात नव्हता तो तयार झाला.

मग प्रेक्षकांच्या फसवणुकीचे काय? कायद्यात फसवणूक ठरण्यासाठी खोट्यावर विसंबून कोणाचे तरी पैसे किंवा मालमत्ता गेलेली असावी लागते. इथे बक्षिसाचे पैसे प्रायोजकाचे होते, आणि मिळालेल्या मालावर तो खूश होता. हरलेला स्पर्धक बहुधा कटात सामील असे. राहिला प्रेक्षक, आणि त्याने तर काहीच दिलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये लॉटरीच्या संदर्भात नेमके हेच म्हटले होते. तो निकाल फसवणुकीबद्दल नव्हता, हे खरे. पण मोठ्या बक्षिसांना दार उघडणारे आणि त्या बक्षिसांतील खोटेपणाला शिक्षेपासून वाचवणारे तर्कशास्त्र एकच होते, असे मला वाटते. प्रेक्षकाने दिलेला वेळ आणि विश्वास यांना कायद्याच्या वहीत रकानाच नव्हता.

ग्रँड ज्युरीचा अहवाल न्यायाधीशांनी मोहोरबंद केला, तेव्हा संशय आणखी बळावला आणि अर्कान्सॉचे ओरेन हॅरिस अध्यक्ष असलेल्या अमेरिकी काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) उपसमितीने ऑक्टोबर १९५९ मध्ये सुनावणी सुरू केली. कार्यक्रम थेट प्रसारित होत असले तरी पडद्यासमोर कॅमेरा ठेवून त्यांचे चित्रण केलेले असे. ती रिळे समितीपुढे दाखवण्यात आली आणि स्टेम्पेलने शेजारी बसून कोणता उसासा कुठे ठरलेला होता हे सांगितले. २ नोव्हेंबर रोजी व्हॅन डोरेनने कबुली दिली. गेल्या तीन वर्षांतील आयुष्याचा ओघ उलटवता आला तर मी जवळपास काहीही द्यायला तयार आहे, असे तो म्हणाला. अनेक सदस्यांनी त्याच्या प्रांजळपणाचे कौतुक केले. स्टीव्हन डेरुनियन या एका सदस्याने मात्र सुनावले की इतक्या बुद्धिमान प्रौढ माणसाने खरे सांगितल्याबद्दल त्याची पाठ थोपटण्याचे कारण नाही. एनबीसीची आणि विद्यापीठाची, दोन्ही नोकऱ्या गेल्या. १९६२ मध्ये शिक्षा झाली तीही स्थगित.

१३ सप्टेंबर १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने दळणवळण कायद्यात दुरुस्ती झाली. ज्ञानाची किंवा कौशल्याची खरी स्पर्धा असल्याचे भासवून, लोकांना फसवण्याच्या हेतूने स्पर्धकाला गुप्त मदत करणे किंवा निकाल आधी ठरवणे हा तेव्हापासून गुन्हा ठरला, आणि त्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवण्यात आली. कोणाचे पैसे गेले हे आता सिद्ध करावे लागत नाही. त्याहून खोल बदल व्यवहारात झाला: वाहिन्यांनी कार्यक्रमांचा ताबा स्वतःकडे घेतला आणि एका प्रायोजकाऐवजी अनेकांना वेळ विकण्याची पद्धत रूढ केली. वाहिन्यांना हे आधीपासून हवेच होते. घोटाळ्याने त्यांना सभ्य निमित्त दिले. बॅरी आणि एनराइट काही वर्षे बाहेर राहिले, पण १९७० च्या दशकात दोघेही नव्या खेळांसह परतले.

बुद्धीची कसोटी पाहणाऱ्या प्रश्नमंजूषांना मात्र कोणी हात लावेना. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मर्व्ह ग्रिफिन हा निर्माता विमानप्रवासात पत्नी ज्युलॅनला हीच रड सांगत होता. स्पर्धकांना उत्तरे आधी दिली म्हणून एवढा गहजब झाला, तर मग तू उघडपणेच उत्तरे दे, असे ती म्हणाली, आणि लगेच तिने एक उत्तर टाकले: ५,२८०. एका मैलात फूट किती, असा प्रश्न त्याने तिथल्या तिथे केला. ३० मार्च १९६४ रोजी एनबीसीवर सुरू झालेल्या ‘जेपर्डी’मध्ये स्पर्धकाला उत्तर दाखवले जाऊ लागले आणि प्रश्न त्याने शोधायचा असे ठरले.